नवरात्रीसाठी सरळ केस घरी कुरळे करताना : बटा नेमक्या कशाने टिकतात?

मोगरा (धागा सुरू करताना)

नवरात्र तोंडावर आली आहे. वडोदऱ्यातील गुजराती घरांइतकीच आपल्या मराठी घरांतही चनियाचोळी, ऑक्सिडाइज्ड दागिने आणि पाठीवर रुळणाऱ्या कुरळ्या बटा यांची तयारी सुरू झालेली असणार. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी मंगळ बाजारात पैसे टाकले की मिळतात. तिसरी मात्र, ज्यांचे केस जन्मतः सरळ आहेत त्यांना, रोज संध्याकाळी नव्याने उभी करावी लागते आणि गरब्याच्या पहिल्या फेरीतच ती उतरते, अशी तक्रार दर वर्षी कानावर येते. नऊ रात्री पार्लरमध्ये जाणे खिशाला परवडत नाही, शिवाय त्या दिवसांत तिथे नंबर लागणेही मुश्कील असते. म्हणून घरच्या घरी काय करता येईल याची एकत्र चर्चा व्हावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

माझे मत आधीच स्पष्ट मांडते. बट टिकत नाही म्हणून आपण कर्लिंग रॉडचे तापमान वाढवत नेतो, पण दोष तापमानात क्वचितच असतो. केस आतून पूर्ण वाळलेले नसणे आणि गुंडाळलेली बट थंड होण्याआधीच मोकळी सोडणे, या दोन कारणांनी बहुतेक बटा उतरतात. ही दोन पथ्ये पाळली तर मध्यम तापमानावरही काम होते आणि केसही जळत नाहीत.

माझे केस जाड, कमरेपर्यंत लांब आणि पूर्ण सरळ आहेत. त्यांच्यासाठी मी करते ते असे. गरब्याच्या आदल्या दिवशी केस धुते, त्याच दिवशी नाही. कारण नुकतेच धुतलेले केस फार निसटते असतात आणि रॉडवर ठरत नाहीत. कंडिशनर फक्त खालच्या निम्म्या लांबीला लावते. दुसऱ्या दिवशी दुपारी जाड दातांच्या कंगव्याने गुंता काढून केसांचे चार भाग करते आणि प्रत्येक भागाला हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारा फवारा) मारून ते पूर्ण वाळू देते. रॉड लावल्यावर चुर्र असा आवाज आला किंवा वाफ दिसली तर केस ओले आहेत असे समजावे आणि तिथेच थांबावे. मानेजवळच्या थरापासून सुरुवात करून दोन बोटे रुंदीची बट घ्यावी, ती चेहऱ्यापासून मागच्या दिशेने रॉडवर गुंडाळावी, मुळापाशी दोन-तीन बोटे जागा मोकळी सोडावी आणि आठ ते दहा सेकंदांत रॉड काढून घ्यावा.

यानंतरची पायरी बहुतेक जणी वगळतात. रॉडवरून सुटलेली बट खाली लोंबू न देता तळहातावर झेलावी, तिचे वेटोळे जसेच्या तसे ठेवून ते डोक्याशी क्लिपने बसवावे आणि सगळे डोके पुरे होईपर्यंत त्याला हात लावू नये. गरम बट स्वतःच्या वजनानेच सरळ होत जाते. लांब केसांत तर हे डोळ्यांदेखत घडते. माझ्या डोक्यावर अशी वेटोळी बसलेली असताना घरात कोणी पाहुणे आले तर अवघड होते हे खरे, पण त्यावर उपाय नाही. वीसेक मिनिटांनी, हाताला ऊब लागेनाशी झाली की क्लिपा खालून वर अशा क्रमाने काढाव्यात आणि बोटांनीच बटा सुट्या कराव्यात. कंगवा अजिबात लावू नये.

सुरुवातीला बटा अपेक्षेपेक्षा घट्ट दिसतात आणि आरशात पाहून धीर सुटतो. पण मैदानावर पोहोचेपर्यंत त्या निम्म्या सैल होणारच असतात, त्यामुळे घरातून निघताना थोड्या जास्त कुरळ्या असणेच हिताचे.

इतरांचे अनुभव, विशेषतः बारीक आणि तलम केस असणाऱ्यांचे, वाचायला आवडतील.

दांडियाबाजारकर

मोगराताई, धाग्याबद्दल आभार. माझी लेक चौदा वर्षांची आहे. तिचे केस खांद्याखाली, अतिशय बारीक आणि रेशमी आहेत. मैत्रिणींचे पाहून तिलाही कुरळ्या बटा हव्या आहेत, परंतु या वयात रॉडची उष्णता केसांना लावू द्यावी असे मला वाटत नाही. विजेच्या उपकरणाशिवाय काही मार्ग आहे का? शिवाय आमच्याकडे आठवड्यातून दोनदा खोबरेल तेलाने चोळून चंपी होते, ती त्या नऊ दिवसांत बंद ठेवावी का, हेही कृपया सांगावे.

रसायनी

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे मोगराताईंच्या मताला थोडा शास्त्रीय आधार देते.

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींशी मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी जखडलेल्या असतात. एक म्हणजे गंधकाचे डायसल्फाइड बंध; ते मजबूत असतात, पाण्याने किंवा साध्या उष्णतेने तुटत नाहीत आणि केस कायमचा सरळ राहणार की कुरळा, यात त्यांचा मोठा वाटा असतो. दुसरे हायड्रोजन बंध. ते एकेकटे दुबळे, पण संख्येने प्रचंड असतात. केस भिजला की हे बंध पाण्यामुळे सुटतात आणि केस वाळताना, ज्या आकारात असेल त्या आकारात, ते नव्याने जुळतात. उष्णतेनेही हेच होते : गरम असताना बंध सैल होतात आणि थंड होताना पक्के होतात. सुती साडीला इस्त्री करून घडी गरम असतानाच उलगडली तर ती कशी मोडते, ते आपण रोज पाहतो. सुताच्या तंतूंमध्येही हेच हायड्रोजन बंध असतात. म्हणजे आकार ठरतो तो थंड होण्याच्या आणि वाळण्याच्या काळात, तापण्याच्या काळात नव्हे.

आता या मार्गाची मर्यादाही यातच दिसते. केस हवेतील ओल शोषून घेतो. पूर्ण भिजला तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी तो आत घेऊ शकतो. त्यामुळे पावसाळा नुकताच सरलेल्या दमट हवेत किंवा घामाने भिजलेल्या टाळूजवळ ते बंध पुन्हा सुटतात आणि केस आपल्या मूळ आकाराकडे, म्हणजे सरळपणाकडे, जातो. ग्वाल्हेरला माझी बहीण राहते. तिथल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तिच्या बटा दिवसभर जागच्या हलत नाहीत. तेच केस घेऊन ती ऐन श्रावणात वडोदऱ्याला आली की दुपारपर्यंत सगळे सपाट झालेले असते.

ओल्या केसांना रॉड लावण्याबद्दल ताईंनी जे लिहिले आहे, ते अधिक ठामपणे सांगावेसे वाटते. केसाच्या आत अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली की ती बाहेर पडायला वाट न मिळाल्याने केसात सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. असा केस त्या जागी ठिसूळ होतो आणि नंतर तिथेच तुटतो. हे नुकसान कोणत्याही तेलाने किंवा मास्कने भरून येत नाही.

पार्लरवाली मावशी

मी बरीच वर्षे पार्लरमध्ये काम केले आहे आणि आता घरूनच नवरीची तयारी करते. दांडियाबाजारकरांनी विचारलेल्या मुलीपासून सुरू करते.

चौदा वर्षांच्या बारीक केसांना चिंध्यांची जुनी पद्धत उत्तम. मऊ झालेल्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या, दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब पट्ट्या फाडून घ्याव्यात. नव्या कापडाच्या नकोत, त्या केसांत घसरतात आणि गाठही नीट बसत नाही. केस जवळजवळ वाळलेले, हाताला जेमतेम ओलसर लागतील एवढेच असावेत. बटेचे टोक चिंधीच्या मध्यावर ठेवून, टोक बाहेर निसटणार नाही याची काळजी घेत, ती खालून वर टाळूपर्यंत गुंडाळत न्यावी आणि चिंधीची दोन्ही टोके एकत्र आणून गाठ मारावी. बट जितकी बारीक, तितका कुरळेपणा घट्ट. संपूर्ण डोक्याला पंधरा-वीस चिंध्या पुरतात. रात्री असे बांधून झोपले तर सकाळी सोडता येते. पण मुलींना गाठी टोचतात. मग दुपारी बांधून संध्याकाळी सोडाव्या. सोडण्याआधी एक चिंधी उलगडून बघावी. आतला केस थंडगार लागला तर त्यात अजून ओल आहे, तेव्हा बाकीच्या तशाच ठेवून पंख्याखाली बसवावे.

केस खांद्याखाली असतील तर ओढणीचीही पद्धत आहे. सुळसुळीत ओढणीची लांब सुरळी करून ती हेअरबँडसारखी डोक्यावर आडवी ठेवावी, दोन्ही पदर कानांवरून खाली सोडावेत. मग पुढची थोडी बट पदराभोवती मागच्या दिशेने गुंडाळावी आणि प्रत्येक वेढ्याला बाजूचे थोडे केस त्यात घेत खाली जावे. शेवटी रबरबँड. यात घट्ट बटा न मिळता मोठ्या, सैल लाटा मिळतात. त्या फोटोत छान दिसतात, पण गरब्यात कमी टिकतात, म्हणून मुलीसाठी मी चिंध्याच सुचवेन.

चंपी बंद करण्याची गरज नाही, मात्र ज्या रात्री बटा करायच्या त्याच्या किमान दोन दिवस आधी ती व्हावी आणि तेल पूर्ण निघेपर्यंत केस धुतले जावेत. तेलाने केस जड होतो आणि बट ओघळते.

तापमानाबद्दल विचारणारे नेहमीच असतात. बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंश सेल्सिअसच्या आसपास, मध्यम केसांना १६० ते १७५ आणि मोगराताईंसारख्या जाड केसांना १८५ पर्यंत पुरते. २०० च्या वर मी कोणाच्याही केसांना नेत नाही, आणि तापमान दाखवत नाही असा रॉड विकतही घेऊ नये. रॉडची जाडी मात्र दुकानदाराला नीट विचारावी. सरळ केसांना २५ मिलिमीटरचा रॉड बरा. ३२ चा घेतला तर नुसता बाक येतो आणि तासाभरात तोही जातो. बारीक केस असतील तर १९ चा घ्यावा.

साधी वेणी

मला स्वतःला या सगळ्या उपद्व्यापात फारसा रस नाही. सरळ केसांची वेणी घालून त्यावर गजरा माळला की गरबा तितकाच रंगतो. तरीही एक गोष्ट सांगते. रात्री किंचित ओलसर केसांची सागरवेणी घालून झोपले तर कपाळापासूनच लाटा येतात. साध्या तिपेडी वेणीत त्या मानेखाली सुरू होतात आणि वरचे डोके चपटे दिसते. वेणीचा शेपटा मात्र तसाच सोडू नये. तो आत दुमडून रबराने बांधावा, नाहीतर लाटांच्या खाली वीतभर सरळ केसांची झालर लोंबत राहते. याला ना वीज लागते ना खर्च, आणि सकाळी घाईत शाळेचे डबे भरायचे असतील तर हीच पद्धत व्यवहार्य आहे.

मोगरा

साधी वेणी यांच्या शेपट्याबद्दलच्या सूचनेला माझे अनुमोदन. मावशी, बारीक केसांना धरून ठेवण्यासाठी आपण बाजारातील मूस (केसांना लावायचा फेस) वापरता की घरगुती काही? माझी धाकटी जाऊ जवसाच्या जेलबद्दल सांगत होती.

पार्लरवाली मावशी

दोन्ही वापरते. घरी करायचे तर दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ठेवून ढवळत राहावे. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे तार धरू लागते; त्याच क्षणी आच बंद करावी आणि गरम असतानाच पातळ मलमलीतून गाळावे. थंड होऊ दिले तर ते दाण्यांना असे चिकटते की फडके पिळून हात दुखतात पण जेल खाली उतरत नाही. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवड्याभरात संपवावे. वास बदलला तर लगेच टाकून द्यावे, कारण यात टिकवण्याचे काहीच द्रव्य नसते.

चिंधी बांधण्याआधी ओलसर केसांना हे बोटांच्या टोकांवर मावेल एवढेच लावावे. वाळल्यावर केस कडक वाटतात, त्याने घाबरून जाऊ नये. चिंध्या काढल्यावर तळहातात बट घेऊन खालून वर हलकेच चुरगळली की कडकपणा जातो आणि आकार राहतो. मात्र जेल लावलेल्या केसांवर रॉड कधीही फिरवू नये. जेल पाण्यावर बनलेले आहे, तेव्हा रसायनीताईंनी सांगितलेला वाफेचा धोका इथेही आहेच, शिवाय ते रॉडवर करपून बसते.

अलकापुरीची स्नुषा

दर वर्षीची ही दगदग टाळण्यासाठी पर्म, म्हणजे रसायनांनी केस कायमचे कुरळे, करून घ्यावे असे मनात आहे. आता घरी करायची किटही मिळतात असे ऐकले. केसांना अनेक वर्षे मेंदी लावत आले आहे. हे करावे का?

रसायनी

पर्ममध्ये आधी सांगितलेले गंधकाचे बंधच तोडले जातात. आज सर्वसाधारणपणे अमोनियम थायोग्लायकोलेट वापरून ते बंध सोडवतात, केस रोलरवर गुंडाळलेले ठेवतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडने नव्या आकारात पुन्हा जोडतात. या तंत्राला मोठा इतिहास आहे. जर्मनीत जन्मलेल्या कार्ल नेस्लर यांनी १९०५ साली लंडनमध्ये तापवलेल्या धातूच्या दांड्यांनी केस कायमचे कुरळे करण्याचे प्रात्यक्षिक दाखवले होते. यंत्राच्या उष्णतेशिवाय केवळ रसायनांनी होणारी पद्धत १९३० च्या दशकाच्या अखेरीस आली. पद्धत सौम्य झाली तरी रसायन तेच काम करते : प्रमाण किंवा वेळ चुकली तर बंध पुरेसे जुळत नाहीत आणि केस ओढताच तुटतो. कायमचे असे म्हटले तरी मुळातून येणारा नवा केस सरळच येतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे पुढच्या नवरात्रीपर्यंत वरचे बारा ते पंधरा सेंटिमीटर केस सरळ आणि खालचे कुरळे असे चित्र असेल.

पार्लरवाली मावशी

मेंदीबद्दल मी सांगते, कारण यात मोठी गफलत होते. शुद्ध मेंदीचा रंग केसावर घट्ट बसतो आणि पर्मचे द्रावण सारखे मुरत नाही, परिणामी कुठे बट येते तर कुठे येत नाही. खरा धोका काळ्या किंवा झटपट रंगणाऱ्या मिश्र मेंदीचा आहे. तिच्यात धातूंचे क्षार असतील तर पेरॉक्साइड लागताच केस तापतो आणि जळू शकतो. पाकिटावर केवळ मेंदी असे छापलेले असले तरी आत आणखी काय आहे ते आपल्याला कळत नाही. रिबाँडिंग किंवा स्मूदनिंग केलेल्या, म्हणजे रसायनांनी सरळ केलेल्या, केसांनाही पर्म करू नये; त्या केसांनी एकदा हे सोसलेले असते. घरी किट आणून स्वतःच्या डोक्यावर पाठीमागे हात नेत हे करणे तर मी कोणालाही सुचवणार नाही. आपल्याला वर्षातून नऊ रात्रींसाठीच बटा हव्या असतील, तर चिंध्या आणि रॉड यांवरच भागवावे.

दांडियाबाजारकर

चिंध्यांचा प्रयोग काल संध्याकाळी करून पाहिला. आईच्या जुन्या नऊवारीच्या पट्ट्या फाडल्यामुळे घरात थोडी भावनिक चर्चा झाली, परंतु निकाल समाधानकारक आहे. लेकीच्या बटा रात्री जेवणानंतरही उतरल्या नव्हत्या. आता प्रश्न प्रत्यक्ष मैदानाचा आहे. तीन-चार तास फेर धरल्यावर मानेपाशी घामाची धार लागते, तिथल्या बटांचे काय करावे?

मोगरा

मानेवरच्या बटा वाचवण्याचा नाद मी सोडून दिला आहे. टाळूजवळ आणि मानेवर घाम येणार आणि तिथे बट राहणार नाही. त्याऐवजी मी कानांच्या वरचे केस मागे घेऊन अर्धा अंबाडा घालते, मानेजवळचा सगळ्यात खालचा थर गोळा करून त्याच अंबाड्याखाली यू-पिनांनी बसवते आणि मधल्या थराच्या बटाच फक्त पाठीवर सोडते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक बट ठेवते. फिरताना दिसतात त्या याच बटा, आणि त्यांना घामाचा स्पर्श सगळ्यात उशिरा होतो.

गजऱ्याबद्दल मात्र सावध राहावे. खंडेराव मार्केटातून आणलेला मोगऱ्याचा गजरा पुडीतून काढला की त्यातून अक्षरशः पाणी ठिबकते, कारण फुले ताजी राहावीत म्हणून त्यावर पाणी शिंपडलेले असते. तो थेट बटांवर माळला तर जिथे टेकतो तेवढ्या बटा अर्ध्या तासात सरळ होतात. म्हणून तो आधी सुती फडक्यात गुंडाळून ओल टिपून घ्यावी आणि अंबाड्याभोवती माळावा, सुट्या केसांवर नव्हे. ओढणी खांद्यावर पिनने बसवताना तिचा काठ बटांवर घासत नाही ना, हेही पाहावे. टिकल्यांच्या काठात केस अडकला तर बटही जाते आणि केसही.

रसायनी

एक सुरक्षेची सूचना जोडते. हेअर स्प्रेमध्ये अल्कोहोल आणि ज्वलनशील वायू असतो. फवारा मारून लगेच आरतीच्या तबकावर किंवा गरब्यातील दिव्यावर वाकू नये. स्प्रे दिव्यापासून दूर, शक्यतो गॅलरीत, हातभर अंतरावरून मारावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच देवासमोर जावे. लहान मुलींच्या बाबतीत तर घरातल्या मोठ्यांनीच याकडे लक्ष द्यावे.

अलकापुरीची स्नुषा

पर्मचा विचार मागे घेतला. दोघींचेही आभार. आता शेवटचा प्रश्न : पहिल्या रात्रीच्या बटा दुसऱ्या रात्री वापरता येतात का, की रोज नव्याने सगळे करावे लागते?

पार्लरवाली मावशी

निम्म्या वापरता येतात. घरी आल्यावर आधी पंख्याखाली बसून मुळांतला घाम वाळू द्यावा. ओल्या टाळूने झोपलात तर सगळेच सपाट होते. मग सगळे केस डोक्याच्या अगदी वर, सैल रबरात गोळा करून झोपावे आणि उशीला सुळसुळीत अभ्रा घालावा. सकाळी केस विंचरू नयेत. संध्याकाळी फक्त पुढच्या आणि वरच्या थरातल्या उतरलेल्या बटाच पुन्हा गुंडाळाव्यात. ज्या बटांवर स्प्रे साचला आहे त्यांना मात्र पुन्हा रॉड लावू नये, स्प्रेचा थर करपतो. त्या अंबाड्यात घ्याव्यात.

तिसऱ्या दिवशी केस धुवावेतच. नव्या वसाहतींमध्ये बोअरचे जड पाणी येत असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचे घ्यावेत, नाहीतर क्षारांनी केस राठ होतो आणि पुढच्या बटा विस्कटलेल्या दिसतात. आणि दसऱ्यानंतर एक आठवडा तरी रॉड कपाटात ठेवून द्यावा.